वाचकांचे प्रश्न: दारू रक्ताच्या रिपोर्टात कुठे दिसते?

मागच्या अंकात लिव्हरच्या तपासण्यांबद्दल, म्हणजे ज्याला आपण सगळे एलएफटी म्हणतो त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी दारूबद्दलच निघाली, आणि लिहिणाऱ्या जास्त करून बायकाच, कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं-गावं काढलीयेत, पत्रं थोडी छोटी केलीयेत.

प्रश्न: डॉक्टर ताई, नमस्कार. माझे मिस्टर 47 वर्षांचे आहेत, कित्येक वर्षं रोज रात्री एक क्वार्टर घेतात. दोन महिन्यांपासून पाय सुजतायत आणि पोट फुगल्यासारखं दिसतंय. रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन 7.2 आलंय ते नॉर्मल आहे, पण अल्ब्युमिन 2.7 आहे आणि त्याच्यापुढे खूण केलीये. शेजारच्यांनी सांगितलं लिव्हरच्या पेशंटला डाळ, अंडी, पनीर सगळं बंद करायचं, तर सासूबाई म्हणतात अंगात ताकद नाही, प्रोटीन पावडर आणा. मी काय करू?

ताई, आधी सूज आणि पोट, बाकीचं नंतर. रोजची दारू, पाय सुजलेले आणि पोट फुगलेलं हे तिन्ही एकत्र असेल तर अजिबात थांबायचं नाही, याच आठवड्यात त्यांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, गावात नसतील तर चांगल्या फिजिशियनकडे न्या. सोनोग्राफी होईल, पोटात पाणी असेल तर थोडं सुईने काढून तपासतील, ते करू द्या, घाबरू नका. आणि उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, ताप, किंवा माणूस बरळतोय, दिवसभर झोपतो आणि रात्री टक्क जागा असं काही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत.

आता रिपोर्ट. टोटल प्रोटीन नॉर्मल बघून निम्मी घरं निवांत होतात आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. टोटल प्रोटीन म्हणजे अल्ब्युमिन अधिक ग्लोब्युलिन, रक्तातल्या या दोन प्रोटीन्सची एवढीच ती बेरीज. 7.2 मधून 2.7 काढा, उरलं 4.5, हे तुमच्या मिस्टरांचं ग्लोब्युलिन. साधारण माणसात अल्ब्युमिन 3.5 ते 5 च्या मध्ये असतं आणि ग्लोब्युलिन त्याच्यापेक्षा कमी असतं, इथे उलटं झालंय, रिपोर्टच्या खालच्या ओळीत ए/जी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) 0.6 असा काहीतरी आकडा असेल बघा. एक घटलं आणि दुसरं वाढलं, बेरीज जागच्या जागी.

असं का होतं? अल्ब्युमिन बनवणारा अवयव एकच, लिव्हर. चांगलं लिव्हर रोज दहा-बारा ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम, ते कमी पडलं आणि त्यात कडक झालेल्या लिव्हरमुळे पोटातल्या शिरांमधलं प्रेशर वाढलं की पाणी बाहेर झिरपतं, पायात आणि पोटात साठतं. ग्लोब्युलिनचा मोठा भाग मात्र आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींकडून तयार होतो. आतड्यातून येणारे जंतूंचे तुकडे एरवी लिव्हर गाळून टाकतं, ते जमेनासं झालं की या पेशी सारख्या खवळलेल्या राहतात आणि अँटीबॉडी बनवत सुटतात. दारूच्या पेशंटमध्ये त्यातली आयजीए नावाची अँटीबॉडी विशेष वाढते. आमच्या लॅबमध्ये प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे रक्तातली प्रोटीन्स विजेच्या प्रवाहात वेगवेगळी पसरवून त्याचा ग्राफ काढतात. त्यात पहिला उंच सुळका अल्ब्युमिनचा, मग छोटे छोटे उंचवटे, आणि शेवटी बीटा आणि गॅमा हे दोन उंचवटे, दोघांच्या मध्ये एक दरी. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर असं कायमचं कडक झालेल्या, पेशंटमध्ये पहिला सुळका बुटका होतो आणि ती दरी भरून येते, कारण आयजीए नेमकी तिथेच जाऊन बसते. बीटा-गॅमा ब्रिज म्हणतात त्याला. असा ग्राफ समोर आला की पेशंटचा चेहरा न बघताही पोटात गोळा येतो.

अजून एक, अल्ब्युमिनचा निम्मा साठा संपायला साधारण 20 दिवस लागतात. म्हणून ते आज पिऊन उद्या घटत नाही, लिव्हरचं बरंच काही गेल्यावर घटतं. 2.7 हा आकडा उशिराचा आकडा आहे हे मी तुम्हाला लपवून सांगणार नाही. पण उशीर म्हणजे शेवट नव्हे, दारू पूर्ण सुटली आणि नीट खाल्लं तर काही महिन्यांत अल्ब्युमिन वर आलेले पेशंट असतात.

जेवणाचं: डाळ-अंडी बंद करा हा सल्ला जुना आहे आणि नुकसान करणारा आहे, कृपा करून पाळू नका. सिरोसिसच्या माणसाचे स्नायू आधीच झिजत असतात. आता जगभरातल्या लिव्हरच्या तज्ज्ञांच्या गाइडलाइन्स वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन द्या असंच सांगतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत 6-7, मूठभर फुटाण्यात 6. यावरून हिशोब लावा म्हणजे कळेल की आपल्या साध्या जेवणात हे सहज होत नाही, मुद्दाम द्यावं लागतं. रात्री झोपताना काहीतरी द्याच, दूध-पोळी, लाडू, काहीही, रात्रभर उपाशी राहिलं की असं लिव्हर स्नायू मोडून खायला लागतं. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स बंद. सासूबाईंच्या पावडरीचं म्हणाल तर जेवण जात नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या, पण नुसती पावडर देऊन अल्ब्युमिन वाढत नाही, कच्चा माल कितीही ओतला तरी कारखाना बंद असेल तर माल कसा निघेल. अल्ब्युमिनच्या सलाईनच्या बाटल्यांचंही तेच, पोटातून बरंच पाणी काढलं किंवा त्या पाण्यात इन्फेक्शन झालं तर त्या खरंच लागतात, पण रिपोर्टमधला आकडा चांगला दिसावा म्हणून महागड्या बाटल्या लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दारू बंद व्हायलाच हवी, पण रोज क्वार्टर घेणाऱ्या माणसाची बाटली घरच्या घरी एका दिवसात लपवू नका. हात थरथरणं, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येणं, नंतर भास होणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावतो सुद्धा. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, ते दवाखान्यात ठेवून, बी-वन व्हिटॅमिन देऊन, औषधांच्या आधाराने सोडवतील. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय, अजूनही ठिकाणं आहेत, चौकशी करा. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही ताई.

प्रश्न: मी 39 वर्षांचा, शिक्षक आहे. आयुष्यात दारूला हात लावला नाही. चेकअपमध्ये जीजीटी 96 आलं, नेटवर वाचलं की हे दारूने वाढतं आणि आता बायको काही बोलत नाही पण बघते मात्र संशयाने. वजन 88 किलो, उंची 5 फूट 5 इंच. मी कसं सिद्ध करू?

सर, हा परिच्छेद बायकोला वाचायला द्या. जीजीटी म्हणजे गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज, लिव्हर आणि पित्तनलिकांच्या पेशींवर असणारं एक एन्झाइम, आणि एन्झाइम म्हणजे प्रोटीनच. दारूने ते वाढतं हे खरं, पण ते दुसऱ्याही बऱ्याच कारणांनी वाढतं. फॅटी लिव्हर, डायबेटिस, लठ्ठपणा, पित्ताशयातला खडा नळीत अडकणं, फिटसाठी घेतात त्या फेनिटॉइनसारख्या गोळ्या, हे सगळं चालतं त्याला. तुमचं वजन आणि उंची बघता मला आधी फॅटी लिव्हरच आठवतं. सोनोग्राफी, उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) करून घ्या.

रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट बघा, एसजीओटी आणि एसजीपीटी, लिव्हरच्या पेशींमधली ही दोन एन्झाइम्स. फॅटी लिव्हरच्या सुरुवातीला बहुतेक वेळा एसजीपीटी जास्त असतं. दारूने लिव्हरला सूज आली असेल तर उलटं, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या वर जातं. त्याचं एक कारण असं की एसजीपीटीला बी-सिक्स व्हिटॅमिनची गरज जास्त लागते आणि खूप पिणाऱ्यांच्या अंगात तेच कमी झालेलं असतं. तिसरी खूण एमसीव्ही, साध्या सीबीसीमध्येच (रक्तपेशींच्या तपासणीत) असते, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, तो दारूने वाढतो (बी-ट्वेल्व्ह कमी असेल तरी वाढतो, आणि शाकाहारी घरात ते कमी असणं फार कॉमन आहे). जीजीटी एकटं वाढलंय आणि बाकी दोन्ही खुणा शांत असतील तर दारूकडे बोट दाखवायला काही आधार नाही.

आणि खरं सांगू का, हा दारूबाजपणाचा शिक्का आपल्याकडे फार पटकन मारला जातो, लिव्हर म्हटलं की दारू. त्या भीतीने न पिणारी माणसं, विशेषतः बायका, फॅटी लिव्हरची तपासणीच करत नाहीत आणि सिरोसिसपर्यंत जातात. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर तुमचं जीजीटी बहुतेक खाली येईल, तीन-चार महिन्यांनी परत करा.

प्रश्न: मी बर्मिंगहॅमला असते, नाशिकची. भावाचं इकडे ड्रिंक ड्राइव्हमध्ये लायसन्स गेलं, आता परत मिळवायला सीडीटी नावाची ब्लड टेस्ट द्यावी लागणार आहे. तो म्हणतो आठवडाभर नाही प्यायलं की क्लीन येतं. खरंय का?

नाही. त्याला सांगा, असं होत नाही.

सीडीटीची गोष्ट मला स्वतःला फार आवडते म्हणून थोडी सविस्तर सांगते. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन, लिव्हरमध्येच बनतं. बनताना त्याच्यावर साखरेच्या छोट्या फांद्या चिकटवल्या जातात आणि फांद्यांच्या टोकाला सियालिक अॅसिड, बहुतेक रेणूंवर अशी चार टोकं असतात. 1970 च्या दशकात स्वीडनमध्ये हेलेना स्टिबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की खूप दारू पिणाऱ्यांच्या रक्तात या फांद्याच नसलेलं किंवा अर्धवट असलेलं ट्रान्सफेरिन जास्त असतं. दारूमुळे फांद्या चिकटवणाऱ्या एन्झाइमच्या कामात बिघाड होतो. हे अर्धवट ट्रान्सफेरिन म्हणजे सीडीटी, एकूण ट्रान्सफेरिनच्या किती टक्के आहे असं मोजतात.

ते वाढायला साधारण रोज 50 ते 80 ग्रॅम अल्कोहोल, आठवडा-दोन आठवडे सलग, एवढं लागतं. ग्रॅममध्ये आपण पीत नाही म्हणून हिशोब देते. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं, 30 मिलीच्या पेगमध्ये 10 ग्रॅम, म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. वरच्या ताईंच्या मिस्टरांचं रोजचं प्रमाण बरोबर या रेंजमध्ये बसतं. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बियर एक बाटली 40 ग्रॅमच्या वर जाते, "मी फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता भावाचं. दारू थांबली की वाढलेलं सीडीटी दर दोन आठवड्यांनी साधारण निम्मं होतं. 4 टक्के असेल तर आठवड्याने ते 3 च्या आसपास येईल, नॉर्मलला यायला त्याहून बराच वेळ. ब्रिटनच्या डीव्हीएलएने, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेने, ही टेस्ट निवडली ती याचसाठी, आदल्या रात्री काय केलं याच्याशी तिला देणंघेणं नाही, मागचे काही आठवडे ती बघते. भावाला टेस्टच्या तारखेआधी दारू पूर्ण सोडू दे, आणि रोज पीत असेल तर तिकडच्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) सांगूनच सोडू दे, वर लिहिलेला धोका त्यालाही आहे. तुम्ही बहीण म्हणून पत्र लिहिलंत यावरून वाटतं की लायसन्सपेक्षा मोठी काळजी तुमच्या मनात आहे, ती त्याच्याशी बोला.

प्रश्न: थोडी वाइन घेणाऱ्यांचं सीआरपी कमी असतं, म्हणजे शरीरातली सूज कमी, हार्टला चांगलं, असं आमच्या ग्रुपवर एक डॉक्टर सांगतात. वय 58, बीपी आहे. सुरू करावी का?

करू नका. तुमचे डॉक्टर जे सांगतायत ते हवेतलं नाही, थोडं पिणाऱ्यांमध्ये सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं) आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं) ही दोन्ही प्रोटीन्स अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जरा कमी आणि भरपूर पिणाऱ्यांमध्ये पुन्हा जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण "न पिणारे" या गटात कोण कोण असतं ते बघा, आजारपणामुळे सोडलेले, डॉक्टरांनी बंद केलेले असे पण त्यातच मोजलेले असतात. आणि जेवताना एक ग्लास वाइन घेऊन थांबणारी माणसं बऱ्याचदा पैशाने बरी, चालायला जाणारी, नियमित तपासणी करणारी. आकडा कमी दिसतो तो वाइनमुळे की या राहणीमुळे, हे वेगळं काढणं सोपं नाही. दुसरीकडे दारू बीपी वाढवते याबद्दल वाद नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1988 मध्येच दारूला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटलं की तब्येतीला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. नाशिकची वाइन चांगली असेल, पण बीपीच्या गोळीऐवजी ती नको. सीआरपी कमी करायचंच असेल तर पोटाचा घेर उतरवा, तंबाखू असेल तर सोडा आणि हिरड्या दाखवून घ्या डेंटिस्टला, हिरड्यांच्या जुन्या इन्फेक्शनने पण सीआरपी वर राहतं.

प्रश्न: शनिवारी पार्टी झाली, सोमवारी कंपनीचं मेडिकल आहे. दिसेल का? मी जिम पण करतो.

एका पार्टीने सीडीटी हलत नाही, अल्ब्युमिन हलत नाही, जीजीटीवर फारसा फरक पडत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र वर जाऊ शकतं. गंमत अशी की तुमच्या रिपोर्टमध्ये दारूपेक्षा जिम दिसायची शक्यता जास्त, आदल्या दिवशी जोरात वेट्स मारले तर स्नायूंमधून एसजीओटी रक्तात येतं, थोडं एसजीपीटी पण येतं, आणि डॉक्टर उगाच लिव्हर शोधत बसतात. मेडिकलच्या आधी चार-पाच दिवस भारी व्यायाम टाळा, आणि विचारलं तर जिम करतो हे सांगा.

प्रश्न: जीजीटी वाढलंय म्हणून मेव्हण्यांनी लिव्हर टॉनिक आणि गुळवेलीचा काढा सुरू केलाय, रात्रीचे पेग चालूच आहेत. हरकत नाही ना?

हरकत आहे. पेग चालू ठेवून वरून टॉनिक घेतल्याने लिव्हर वाचत नाही. आणि गुळवेलीचं सांगायचं तर कोविडच्या काळात घरोघर काढे चालू होते तेव्हा, 2021 मध्ये, मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या काही पेशंट्सची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण ज्याचं लिव्हर आधीच त्रासलंय त्याने हा प्रयोग स्वतःवर कशाला करावा? काढा बंद, पेग बंद, सहा आठवड्यांनी जीजीटी परत करा. दारूने वाढलेलं असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, आणि हे उतरणं हाच दारूचं कारण असल्याचा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

प्रश्न: मुलगा 24 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवारी पितो असा मला दाट संशय आहे. दिवाळीला घरी येईल तेव्हा चेकअपच्या नावाखाली त्याला न सांगता दारूची टेस्ट करता येईल का?

काकू, नका करू. एक तर तो सज्ञान आहे, त्याच्या रक्ताची टेस्ट त्याला न सांगता करायचा हक्क आईलाही नाही आणि मलाही नाही. दुसरं म्हणजे उपयोग पण नाही. फक्त वीकेंडला पिणाऱ्या तरुण मुलाचं जीजीटी, सीडीटी, एमसीव्ही सगळं नॉर्मल येऊ शकतं, मग तुम्ही म्हणाल पीतच नाही आणि तो म्हणेल बघ रिपोर्ट चांगलाय. या वयात लिव्हरच्या आधी अपघात होतात, आणि अपघाताच्या रात्रीचं जीजीटी नॉर्मलच असतं. आपल्या कायद्यात गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे आणि ती ओलांडायला फार पेग लागत नाहीत.

त्याला सरळ विचारा, फराळाच्या ताटावर सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना. किती घेतोस, कोणाबरोबर, घरी कसा येतोस, गाडी कोण चालवतं. उत्तर आलं की लगेच ओरडू नका, ऐकून घ्या. रोज घेतल्याशिवाय झोप येत नाही, सकाळी हात थरथरतात, सोमवारची सुट्टी पडते असं काही निघालं तर मात्र त्याला घेऊन मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या 14416 या सरकारी टेलिमानस नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट पण महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत भरतात, तिथे जायला मुलाची परवानगी लागत नाही.